सोंवळ्यांतलें वाचन

सोंवळें ही वस्तु केवळ जुन्या घरांतल्या देवघरापाशींच सांपडते, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो खरा नाहीं. पाण्याचें, ताटाचें आणि स्पर्शाचें सोंवळें ज्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यांमागें टाकून दिलें, त्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजांतील कांहीं भाविक मंडळींनीं आतां पुस्तकांचें सोंवळें नव्यानें मांडलें आहे. ख्रिस्ती मनुष्यानें ख्रिस्ती लेखकांचींच पुस्तकें वाचावीं. कादंबरी वाचावयाचीच झाली तर तिच्या शेवटीं कोणी तरी पश्चात्ताप करून मंदिराची पायरी चढतो कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. निरीश्वरवादी, विषयासक्त अथवा परधर्मीय लेखकाच्या ग्रंथास घरांत थारा देऊं नये. असा उपदेश कानीं येतो, आणि पुष्कळ पालक तो मुकाट्यानें शिरसावंद्य मानतात. प्रस्तुत लेखक स्वतः ख्रिस्ती आहे आणि साहित्याचें अध्यापन हा त्याचा व्यवसाय आहे. तेव्हां या मताचा प्रतिवाद बाहेरच्या कोणी करण्यापेक्षां घरच्यानेंच केलेला बरा. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा उपदेश शास्त्रास धरून नाहीं, इतिहासास धरून नाहीं, आणि ज्या श्रद्धेच्या रक्षणासाठीं तो केला जातो, त्या श्रद्धेसच तो घातक आहे.

प्रतिपक्षाची बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं. पुस्तक ही निर्जीव वस्तु नव्हे. तें वाचकाच्या मनांत घर करितें, त्याच्या कल्पनांना वळण लावितें, आणि ज्या पापाची किळस यावयाची त्याची चटक लावण्याचें सामर्थ्यहि त्याच्यांत असतें. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें पुस्तकांविषयीं बोलूंच नये. शिवाय प्रतिपक्षाजवळ शास्त्रांतला एक दाखला आहे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत इफिस येथील हकीकत आहे. जादूटोणा करणाऱ्या पुष्कळ लोकांनीं विश्वास धरल्यावर आपलीं पुस्तकें सर्वांदेखत जाळलीं, आणि त्यांची किंमत चांदीचीं पन्नास हजार नाणीं भरली. एवढी होळी झाली असतां आम्हीं आमच्या कपाटांतलीं चार पुस्तकें काढून टाकलीं तर बिघडलें काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

तो दाखला नीट वाचला म्हणजे प्रश्न उरत नाहीं. जाळलेलीं पुस्तकें मंत्रतंत्राचीं होतीं; काव्याचीं अथवा तत्त्वज्ञानाचीं तीं होतीं असें तेथें म्हटलेलें नाहीं. तीं ज्यांचीं होतीं त्यांनींच तीं जाळलीं. शेजाऱ्याच्या कपाटाला कोणीं हात घातला नाहीं. आणि ज्या पौलाच्या उपदेशाच्या वेळीं हें घडलें, तोच पौल दोनच अध्याय मागें अथेनैकरांच्या सभेंत उभा राहून त्यांच्याच कवीचें वचन आधारास घेतांना दिसतो. तें वचन अराटस नामक ग्रीक कवीचें आहे, आणि ज्या काव्यांत तें आहे त्याचा आरंभच झ्यूस देवाच्या स्तुतीनें झालेला आहे! मूर्तिपूजकाचें काव्य पौलानें वाचलें होतें, तें त्याच्या स्मरणांत होतें, आणि त्यांतला खरा शब्द उचलून देवाच्या कार्यीं लावण्यास त्याला संकोच वाटला नाहीं. आमच्या उपदेशकांच्या नियमानें पाहिलें तर हें भाषण करण्याची पात्रताच पौलाच्या अंगीं राहिली नसती.

दानीएलाची गोष्ट याहूनहि बोलकी आहे. बाबेलच्या दरबारीं नेलेल्या या यहूदी तरुणानें राजाच्या पंक्तीचें अन्न व द्राक्षारस नाकारला, हें रविवारच्या शाळेंत प्रत्येक मुलास शिकवितात. पण त्याच अध्यायांत त्याला खास्दी लोकांची विद्या व भाषा शिकविण्याची योजना होती, आणि ती मात्र त्यानें नाकारली नाहीं, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. उलट, त्या तरुणांस सर्व विद्येंत व ज्ञानांत निपुणता दिली ती देवानेंच दिली, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. ज्यानें ताट परत पाठविलें त्यानें ग्रंथ परत पाठविला नाहीं. सोंवळें कोठें पाळावें आणि कोठें पाळूं नये, याचा विवेक त्या मुलाला होता. तो आमच्या प्रौढांस नसावा ही खेदाची गोष्ट आहे.

बाहेरून आंत जाणारें कांहीं मनुष्यास विटाळवीत नाहीं, अंतःकरणांतून निघतें तेंच विटाळवितें, असें ख्रिस्तानें सांगितलें. यावर कोणी चतुर मनुष्य म्हणेल कीं, तें अन्नाविषयीं आहे. अन्न पोटांत जातें, पुस्तक अंतःकरणांत जातें. आक्षेप योग्य आहे, आणि तो टाळून पुढें जातां येणार नाहीं. पण त्यावरून निष्पन्न काय होतें? पुस्तक अंतःकरणांत शिरतें तें वाचकाच्या दारावरून शिरतें. आणि त्या दाराशीं विवेक जागा असेल तर काय आंत घ्यावें व काय बाहेर ठेवावें हें त्याला ठरवितां येतें. धोका आहे तो पुस्तकाहून अधिक निजलेल्या वाचनांत आहे. इंग्रज कवि टी. एस. एलियट यानें १९३५ सालच्या ‘धर्म आणि साहित्य’ या निबंधांत हीच गोष्ट दाखवून दिली आहे. आपण केवळ करमणूक म्हणून, मनाला कसलाहि ताण न देतां जें वाचतों, त्याचाच संस्कार आपल्यावर सर्वांत खोल व नकळत होतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. एलियट हा श्रद्धावान ख्रिस्ती होता, हें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां निजून वाचलें जातें तें कोणतें पुस्तक? ज्यावर ‘ख्रिस्ती’ असा शिक्का आहे तें! परक्याचें पुस्तक हातीं घेतांना भाविक वाचक सावध असतो; शिक्क्याचें पुस्तक उघडतांच तो पहारा उठवितो. मग श्रीमंती ही देवाच्या कृपेची खूण आहे अशी समजूत, दुसऱ्या धर्माच्या माणसाविषयींची तुच्छता, पश्चात्तापाचीं स्वस्त अश्रु, आणि दुःखितांस दोन वचनें सांगून मोकळें होण्याची संवय, हा सारा माल त्या निर्धास्त दारांतून सुखेनैव आंत जातो. निरीश्वरवाद्याच्या ग्रंथानें जितकीं मनें बिघडलीं असतील, त्यांहून कमी या गोड पुस्तकांनीं बिघडलीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

इतिहासाकडे वळावें, तर हा वाद नवा नाहीं. अथेनैचा यरुशलेमेशीं संबंध काय, असें टर्टुलियननें फार पूर्वींच विचारलें होतें. चौथ्या शतकांत जेरोमला स्वप्न पडलें; न्यायासनापुढें त्यानें ‘मी ख्रिस्ती आहें’ असें सांगतांच, तूं ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस, असा ठपका येऊन त्याला फटके बसले. ही कथा आमचे उपदेशक मोठ्या आवडीनें सांगतात. जेरोमच्या पुढच्या लिखाणांतहि रोमन कवींचीं वचनें ठिकठिकाणीं डोकावतात, आणि त्याबद्दल त्याच्या विरोधकानें त्याला भर वादांत टोमणे मारले, हा कथेचा उत्तरार्ध ते सांगत नाहींत. त्याच शतकांत बेसिलनें तरुणांसाठीं ग्रीक वाङ्मयाविषयीं एक प्रवचन लिहिलें आणि त्यांस मधमाशीचें उदाहरण घालून दिलें. मधमाशी सर्व फुलांवर सारखी बसत नाहीं, आणि बसते त्यांतलेंहि सगळें उचलून नेत नाहीं. ऑगस्टिननें व्हर्जिलच्या काव्यांतील डायडोसाठीं बाळपणीं गाळलेल्या अश्रूंबद्दल स्वतःस दोष दिला हें खरें. परंतु इस्राएल लोकांनीं मिसर सोडतांना तेथलें सोनें बरोबर आणलें, तसें परक्यांच्या ग्रंथांतलें सत्यहि ख्रिस्ती मनुष्यानें आपलें म्हणून आणावें, हा दृष्टांतहि त्याचाच आहे.

या मधमाशीचा मार्ग सोडून चर्चनें पहाऱ्याचा मार्ग धरला तेव्हां काय झालें, तेंहि पाहावें. रोमची निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ सालीं निघाली आणि १९६६ सालीं रद्द झाली. चारशें वर्षांच्या या उद्योगांत पास्कालसारख्या निस्सीम ख्रिस्तभक्ताचीं पत्रें १६५७ सालीं यादींत गेलीं. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी १८६४ पासून १९५९ पर्यंत तींत होती. ज्या कादंबरींत एक वृद्ध बिशप आपल्या घरचीं चांदीचीं भांडीं चोरून नेणाऱ्या कैद्यास शिपायांच्या हातून सोडवितो, आणि वर चांदीच्या दोन समयादाण्याहि त्याच्या हवालीं करितो, ती कादंबरी! क्षमा म्हणजे काय हें याहून अधिक चांगल्या रीतीनें सांगणारें प्रकरण गेल्या दोन शतकांतल्या कादंबऱ्यांत शोधून काढणें कठीण. आणि श्रद्धेच्या रक्षकांनीं तेंच पंचाण्णव वर्षें श्रद्धावंतांपासून दूर ठेविलें. प्रॉटेस्टंटांनीं यावरून हंसण्याचें कारण नाहीं. १६४३ सालीं इंग्लंडांतल्या प्यूरिटन पार्लमेंटानेंहि परवान्याशिवाय ग्रंथ छापूं नये असा हुकूम काढला होता, आणि त्याविरुद्ध मिल्टनला दुसऱ्याच वर्षीं ‘अरिओपॅजिटिका’ लिहावें लागलें. ज्या सद्गुणाची कधीं परीक्षाच झाली नाहीं त्याची मिल्टनला मातबरी वाटत नव्हती. आम्हांसहि वाटत नाहीं.

पण दूर कशाला जावें? सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अंमलाखालच्या गोमंतकांत हिंदूंचे ग्रंथ जप्त करण्याचा व जाळण्याचा उद्योग झाला. ओंजळभर राखेपलीकडे त्यांतून काय निघालें? पुढें तेथेंच फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवी हातीं घेतली, आणि १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें. त्या ग्रंथांत एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं मना केलींत, मग त्यांच्या तोडीचें दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न फार मार्मिक आहे. रित्या कपाटानें कोणाची श्रद्धा वाढत नाहीं, हें त्या पाद्र्याला कळलें. आणि नवें पुराण रचावयाचें म्हणजे जुन्या पुराणांचा छंद, शब्द आणि चाल अंगीं मुरवून घेणें आलेंच. आमच्या भाषेंतलें पहिलें मोठें ख्रिस्ती काव्य हें परक्यांच्या वाङ्मयाचा आदरानें अभ्यास केल्याचें फळ आहे. त्यावर बहिष्कार घातल्याचें नव्हे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें चरित्र तर या वादाचा निकालच लावितें. आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें दिलेला ‘नवा करार’ त्यांनीं वाचावयास घेतला, डोंगरावरील प्रवचनापाशीं ते थबकले, आणि १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशीं आलों, असें ते म्हणत. आतां परधर्मीयांचें पुस्तक वाचूं नये हा नियम थोडा वेळ खरा धरा. टिळकांनीं तो ख्रिस्ती होण्यापूर्वीं पाळला असता, तर तें पुस्तक त्यांनीं उघडलेंच नसतें. आणि ख्रिस्ती झाल्यावर पाळला असता, तर ज्या पुलावरून आले तोच त्यांस पाडावा लागला असता, आणि त्यांच्या अभंगांस मराठी मुलूख मुकला असता. जो नियम शेजाऱ्यानें मोडावा अशी आपण प्रार्थना करितों, तो आपण मात्र कडकडीत पाळावा, यांत न्याय कोठला? हिंदु मित्राच्या हातीं आपण शुभवर्तमान देतों. त्यानें ज्ञानेश्वरी पुढें केली तर हात आंखडतों. हें वाचनाचें सोंवळें नव्हे, हा सरळ अप्रामाणिकपणा आहे.

दुसरा एक वर्ग आहे. तो सर्व पुस्तकें वाचतो, पण प्रत्येकास एकच प्रश्न विचारतो: यांतून बोध कोणता? या गजकाठीनें मोजूं लागलें म्हणजे काय होतें, तें टॉल्स्टॉयसारख्या महापुरुषानेंच दाखविलें आहे. ‘कला म्हणजे काय?’ या १८९८ सालच्या ग्रंथांत त्यानें ख्रिस्ती बंधुभावाच्या कसोटीवर जगांतली कला घासली, आणि बीथोव्हेनची नववी सिंफनी टाकाऊ ठरविली. इतकेंच नव्हे, तर दोन लहान गोष्टी वगळून स्वतःचें ललित लिखाणहि वाईट कलेंत जमा केलें! ज्या कसोटीवर ‘ॲना कॅरेनिना’ नापास होते, ती कसोटी तपासावी, कादंबरी नव्हे. कमी बुद्धीच्या माणसाच्या हातीं ही गजकाठी आली म्हणजे ती कात्री होते. बाउड्लर बंधुभगिनींनीं शेक्सपियरच्या नाटकांतून घरांत मोठ्यानें वाचतां येणार नाहीं तें तें कापून ‘कौटुंबिक शेक्सपियर’ काढला, आणि त्यांचें आडनांव इंग्रजींत उपहासाचें क्रियापद होऊन बसलें. बायबलावर अशी कात्री चालवावयाची म्हटलें, तर दाविदाचा व्यभिचार, लोटाच्या मुली, शास्त्यांच्या काळचे अत्याचार, यांतलें काय शिल्लक राहील? ज्या ग्रंथानें मनुष्याचें पाप झांकलें नाहीं, त्या ग्रंथाच्या भक्तांनीं पापाचा उल्लेख होतांच कान झांकावे, हें आश्चर्य आहे.

उलट बाजूस तिसरा वर्ग उभा आहे, आणि आमच्या सुशिक्षित वाचकांत त्याचीच संख्या अधिक असेल. साहित्याच्या दाराशीं धर्माचे जोडे काढून ठेवावे, असें त्याचें म्हणणें. ना. सी. फडक्यांनीं कलेसाठीं कलेचा आणि वि. स. खांडेकरांनीं जीवनासाठीं कलेचा कैवार घेतला, तेव्हांपासून हा वाद मराठींत पुष्कळ रंगला. त्यांत पहिल्या पक्षाचें एक म्हणणें खरें होतें: बोधाच्या ओझ्याखालीं कलाकृति चिरडूं नये. परंतु वाचकाच्या मनांतून त्याची श्रद्धा काढून बाहेर ठेवतां येते, ही कल्पना भ्रामक आहे. मार्क्सवादी आपला वर्गविग्रह घेऊन वाचतो, मानसशास्त्रज्ञ आपला सुप्त मनाचा सिद्धांत घेऊन वाचतो; त्यांना कोणी जोडे काढावयास सांगत नाहीं. मग मनुष्य देवाच्या प्रतिरूपांत घडलेला आहे, तो पतित आहे, आणि तरीहि त्याच्यावर प्रीति केली गेली आहे, एवढी समजूत घेऊन वाचणाराच तेवढा पक्षपाती कसा?

तर मग ख्रिस्ती दृष्टीनें वाचणें म्हणजे काय? आमच्या मतें तें पुस्तकांच्या निवडीपेक्षां वाचण्याच्या रीतींत आहे. पहिली गोष्ट, लेखकाचें बोलणें पुरतें ऐकून घेणें. सी. एस. लुईस यानें १९६१ सालच्या आपल्या टीकाविषयक ग्रंथांत पुस्तक स्वीकारणें आणि पुस्तक वापरणें यांत भेद केला आहे. आणि जो वापरतो त्याला स्वतःपलीकडचें कांहींच भेटत नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करावी ही आज्ञा आहे, ग्रंथकारहि शेजारीच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये हीहि आज्ञा आहे. आणि न वाचलेल्या पुस्तकाची निंदा ही खोटी साक्ष नव्हे तर दुसरें काय? मागल्या पिढींत एका जादूगार मुलाच्या इंग्रजी कथांवर कित्येक ख्रिस्ती मंडळींनीं गहजब केला. त्यांतल्या किती जणांनीं त्या वाचल्या होत्या, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा.

दुसरी गोष्ट, ऐकून घेतल्यावर निवाडा करणें, आणि तो निर्भीडपणें करणें. येथें आम्ही कलावाद्यांची साथ सोडतों. हा लेखक माणसास माणूस म्हणून पाहतो कीं प्यादें म्हणून? पापास तो गोंडस करितो कीं त्याचें फळहि दाखवितो? दुःखाशीं तो प्रामाणिक आहे काय? हे प्रश्न विचारणें वाचकाचें कर्तव्य आहे. मात्र ते आपल्या आणि परक्या अशा दोन्ही लेखकांस सारखेच विचारले पाहिजेत. दोस्तोयेव्हस्कीनें ‘करमझॉव्ह बंधूं’त निरपराध बालकांच्या यातनांवरून ईश्वराच्या सृष्टीविरुद्ध जो युक्तिवाद इव्हानच्या तोंडीं घातला आहे, त्याहून प्रखर युक्तिवाद कोणा नास्तिकानेंहि क्वचितच केला असेल, आणि दोस्तोयेव्हस्की तर श्रद्धावान ख्रिस्ती. ईयोबाच्या पुस्तकांतहि तक्रार करणाऱ्या ईयोबास देव बरोबर बोलला म्हणतो, आणि देवाची गुळगुळीत वकिली करणाऱ्या त्याच्या मित्रांवर रागावतो. हें पुस्तक ज्यांच्या शास्त्रांत आहे, त्यांनीं कोणत्या प्रश्नास भ्यावें?

याच कसोटीवर आपल्या घरचीं दोन पुस्तकें घासून पाहूं. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. मराठींतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा, आणि विधवांच्या दुःखाकडे तिनें समाजाचें लक्ष वेधलें याबद्दल आपण सदैव कृतज्ञ राहिलें पाहिजे. जेथें पदमनजी त्या स्त्रियांकडे पाहतात तेथें पुस्तक जिवंत आहे. जेथें ते त्यांच्याकडून मतें वदवितात तेथें पात्रें जाऊन प्रवचनें उरतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्यांत उपदेश जवळजवळ नाहींच. वडिलांच्या सोंवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा लहरीपणा, त्याच्या धर्मांतरानें झालेला स्वतःचा आकांत, आणि स्पर्शास्पर्शाच्या कल्पना एकेक करून गळून पडतांना झालेली आपली फजिती, सारें ती बाई हंसत हंसत सांगते. कोणास लहान करीत नाहीं, कोणास देवहि करीत नाहीं. ख्रिस्ताविषयीं महाराष्ट्राच्या मनांत आदर कोणत्या पुस्तकानें अधिक उत्पन्न केला असेल, हें सांगावयास पाहिजे काय?

आतां मुलांचा प्रश्न राहिला. आणि पालकांची खरी भीति तीच आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं कोणतेंहि पुस्तक द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. दूध पिणाऱ्यास कोणी हरभरे चारीत नाहीं. पण दूध देतात तें पुढें दांत यावे म्हणून, दांत येऊं नयेत म्हणून नव्हे. सोळा वर्षांपर्यंत केवळ शिक्क्याचीं पुस्तकें वाचलेला मुलगा महाविद्यालयांत येतो, आणि पहिल्याच वर्षीं एखाद्या नास्तिकाचें पुस्तक त्याच्या हातीं पडतें. त्यांतला आक्षेप जुनाच असतो. पण यानें तो कधीं ऐकलेला नसतो. आपल्या वडीलधाऱ्यांनीं ही गोष्ट आपल्यापासून लपविली, एवढेंच तेव्हां त्याला कळतें. आणि मग तो ग्रंथकारापेक्षां आईबापांवर अधिक अविश्वास धरतो. अशीं मुलें आम्हीं अध्यापनाच्या वर्षांत एकदोन नव्हे, पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांची श्रद्धा पुस्तकानें नेली असें लोक म्हणतात. आम्ही म्हणतों, ती एकट्यानें वाचण्यानें नेली.

यावर उपाय शास्त्रांतच आहे. यरुशलेमेहून परत जाणारा कूशी अधिकारी आपल्या रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत होता. त्याला अर्थ लागत नव्हता. फिलिप्प धांवत रथापाशीं गेला. त्यानें गुंडाळी हिसकावून घेतली नाहीं, किंवा दुसरी सोपी गुंडाळी हातांत दिली नाहीं. वाचतां तें समजतें काय, एवढेंच त्यानें विचारलें. आणि बोलावणें येतांच तो वर चढून त्याच्याशेजारीं बसला. आमच्या उपदेशकांनीं आणि पालकांनीं पुस्तकांच्या याद्या करण्याचें सोडून रथांत चढावें. मुलगा वाचीत असेल तें पुस्तक आपणहि वाचावें, जेवतांना त्यावर वाद घालावा, प्रसंगीं हरावेंहि. याला वेळ लागतो आणि श्रम पडतात; सोंवळें पाळणें त्याहून पुष्कळ सोपें आहे. म्हणूनच तें लोकांस आवडतें.